मिरचीच्या नेटमधल्या कादंबऱ्या

दसरा जवळ आला की जानेफळकडच्या शेडनेटांमध्ये मिरची फुलावर येते, आणि इकडे बुलढाण्यात मला कादंबऱ्यांची तल्लफ येते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते घरात कुणाला कळत नाही. "तुझा वाचायचा हंगाम लागला वाटते," असं नवरा म्हणतो आणि सोफ्यावरची पुस्तकं बाजूला करून स्वतःपुरती जागा करून घेतो. कॉलेजातल्या मुलीही नेमक्या याच दिवसांत विचारतात, "मॅडम, दिवाळीच्या सुट्टीत काय वाचू? एखादी कादंबरी सांगा ना." एकच सांगायची असं ठरवून मी तोंड उघडते. मग ऐतिहासिक सांगते, तिच्यावरून आजच्या काळातली आठवते, तिच्यावरून तिसरी. वर्ग रिकामा होतो आणि मी दारात उभी राहून दोघी-तिघींना अजून सांगतच असते. बोलता बोलता नाकात मिरचीच्या पाल्याचा ओलसर, कडवट वास यायला लागतो.

तो वास माझ्या ताईच्या नेटमधला. एम.ए.ची परीक्षा देऊन मी घरी नोकरीची वाट पाहत बसले होते, तेव्हा ताईचा हात मोडला. गोठ्यात पाय घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. ताईचं सासर जानेफळच्या जवळ. भाऊजींनी त्या वर्षी पहिल्यांदाच शेडनेट उभारून बियाण्याच्या कंपनीसाठी मिरची लावली होती. बाहेर सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झालेली, सगळीकडे बायांची ओढाताण, आणि नेटमधलं काम तर एक दिवसही थांबणारं नव्हतं. ताई फोनवर रडली नाही, पण तिचा आवाज मला माहीत होता. मी दोन ड्रेस घेतले, पिशवी भरून पुस्तकं घेतली आणि मेहकरची गाडी धरली.

संकरित मिरचीचं बियाणं हातानं तयार होतं, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी हेरायची. चिमट्यानं ती अलगद उघडून तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग बोटानं लावायचा आणि देठाला लाल लोकरीचा धागा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एखादी कळी नजरेतून सुटली तर तिला स्वतःचाच पराग लागतो, बिनधाग्याचं फळ धरतं, आणि अशी फळं मालात गेली की कंपनी सगळंच बियाणं परत करू शकते. भाऊजींनी मला पहिल्याच सकाळी हे समजावलं. नेट नवीन होतं, त्यांच्या कपाळावरची आठीही नवीन होती.

नेटच्या आतला उजेड ताकासारखा पांढुरका. चपला बाहेर काढायच्या, दारावरचा दुहेरी पडदा पटकन ओढून घ्यायचा आणि सरीत बसायचं. माझ्या एका बाजूला मथुराबाई बसायच्या. त्या बायांच्या म्होरक्या, वयानं माझ्या आईएवढ्या, बोलणं ठणठणीत. दुसऱ्या बाजूला कविता. दहावीनंतर लग्न होऊन आलेली, कामाला चपळ, बोलायला अगदी कमी. पहिले काही दिवस तर मीही कमीच बोलले, कारण माझ्या चिमट्याखाली कळ्या मोडत होत्या. मोबाईलवर गाणी लावावीत तर आत रेंज नव्हती. जेवणाच्या सुट्टीत बाया नेटच्या सावलीला भाकरीची फडकी सोडायच्या, आणि मी डबा लवकर संपवून पुस्तक उघडायची.

"काय वाचून राह्यली वं पोरी एवढं?" मथुराबाईंनी एक दिवस विचारलं.

"कादंबरी आहे. जुन्या काळातली."

"कायची?"

"एका किल्ल्याला वेढा पडलाय. आत एक बाई आहे. ती तोफेच्या दारूसाठी पिशव्या शिवते."

"मंग?"

एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मला कादंबरीबद्दल पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. 'मंग' हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी सांगायला लागले. त्या बाईचा नवरा तोफखान्यावर, धाकटी जाऊ बाळंतपणाला टेकलेली, कोठारातलं धान्य रोज मोजून मिळणारं. सुट्टी संपली तशी मथुराबाई उठता उठता म्हणाल्या, "सरीत बसून सांग बाकीचं. कान काही कामाले नाही लागत आमचे."

मी सरीत बसून सांगितलं. बाया मधेच प्रश्न विचारायच्या. तोफ केवढी होती, हे कुणी विचारलं नाही. मथुराबाईंनी विचारलं, "वेढा पडला तं मीठ कोठून आणे ती?" "उद्या सांगते," मी म्हणाले. त्या रात्री जेवल्यावर मी पुढचं प्रकरण वाचायला घेतलं, आणि ते प्रकरण मिठाचंच निघालं. मीठ संपल्यावर किल्ल्यातल्या बायका जुन्या लोणच्याच्या बरण्या धुऊन ते पाणी वरणात घालतात. मी अंथरुणात उठून बसले. केव्हा एकदा सकाळ होते आणि केव्हा हे नेटमध्ये सांगते, असं मला झालं. पुस्तक वाचून इतकं हुरळून जायला मला तोपर्यंत कुणी कारणच दिलं नव्हतं.

म्हणून ऐतिहासिक कादंबरी वाचायची तर कुठली, असं कुणी विचारलं की मी आधी ही सांगते. राजा तिच्यात आहे, पण तो वरच्या बुरुजावर आहे आणि कादंबरी खाली कोठारात घडते. लढाईचा निकाल तर आपल्याला माहीतच असतो. उद्याचं जेवण कसं होणार ते माहीत नसतं, आणि लेखकानं पकडलंय ते तेच. छापील नाव नेटमध्ये कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तिथे तिचं नाव पडलं 'तोफेवाली', आणि खरं सांगायचं तर आता मलाही तेच नाव आधी आठवतं.

तोफेवालीनंतर डेपोवाली. ही आजच्या काळातली. एका लहान गावच्या एसटी डेपोत बदली होऊन आलेली कंडक्टर, आणि तिच्या नोकरीचं एक वर्ष. कुणी मरत नाही, कुणी पळून जात नाही. ती तिकिटं फाडते, मुक्कामाच्या गावी लोकांच्या ओसरीवर झोपते, आणि हळूहळू तिला त्या मार्गावरच्या प्रत्येक थांब्याचं सुखदुःख कळायला लागतं. मी ती भीत भीतच सांगायला घेतली होती. वेढा नाही, तोफ नाही, या बाया कंटाळतील असं वाटलं. झालं उलटंच. सगळ्यात आधी कविता बोलली. इतक्या दिवसांत तिनं पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं.

"मनीषाताई, तिले सुट्टीच्या दिवशी कसं वाटे? ते हाये का पुस्तकात?"

"आहे. सुट्टीच्या दिवशी ती दुसऱ्याच गाडीत प्रवासी म्हणून बसते. खिडकीशी."

कवितानं हातातला धागा बांधला, पुढच्या फुलाकडे वळली आणि स्वतःशीच हसली. "मीनं बी तसंच केलं अस्तं," ती म्हणाली.

आजच्या काळातल्या कादंबऱ्या रडक्या असतात म्हणून त्या वाचत नाहीत, अशा माणसांना मी डेपोवाली देते. दिल्यावर काही दिवसांनी त्यांचा फोन येतो. कुणी म्हणतं, आमच्या गाडीच्या कंडक्टरला आज मी नाव विचारलं. माझ्या लेखी याहून मोठं परीक्षण नाही.

सगळ्याच चालल्या असं मात्र नाही. तीन भावांच्या वाटणीत एका विहिरीचं काय होतं, अशी एक कादंबरी मी मोठ्या हौसेनं सुरू केली. तिला बक्षीसही मिळालं होतं. मथुराबाईंनी पहिल्याच प्रकरणात हात वर केला. "हे राहू दे वं. हे तं माह्या घरीच चालू हाये, फुकटात." सगळ्या हसल्या आणि विहीरवाली तिथंच बुजली. पण मला ती अजूनही आवडते, आणि ज्यांच्या घरी भाऊबंदकी नाही त्यांना मी ती बिनदिक्कत सुचवते.

गोष्टींची बातमी हळूहळू बाहेर गेली. सोयाबीनच्या सोंगणीला गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, जास्त मिळत असताना आमच्या नेटमधली एकही बाई गळाली नाही. उलट त्या वेळेआधी यायला लागल्या. ताई गळ्यात हात अडकवून दारापाशी येऊन बसायची आणि घरी जाताना म्हणायची, "मनीषा, मले आता पुढचं सांग, मी कोणाले नाही सांगत." मी नाही सांगायची. त्या दिवसांत मी हवेत चालत होते.

मग एक दिवस कंपनीचा माणूस पाहणीला आला. सरीतून चालता चालता तो वाकला, आणि त्यानं पानं बाजूला सारून एक फळ दाखवलं. देठाला धागा नव्हता. थोडं पुढे आणखी एक. मग तिसरं. "असं चाललं तर माल पास होणं अवघड आहे," एवढंच बोलून तो गेला. भाऊजी त्याला गाडीपर्यंत सोडून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मनीषा, गोष्टी बंद कर आता," ते म्हणाले. "हात थांबून राह्यले बायांचे. मीनं पाह्यलं. गोष्ट रंगली की चिमटा हवेत राह्यते."

मी मान खाली घातली. ते म्हणत होते ते मीही पाहिलं होतं. माझ्या हौसेपायी ताईच्या घराचं वर्ष जाणार होतं.

मथुराबाई उठून उभ्या राहिल्या. "भाऊ, ते फळ माह्या सरीतलं होतं. तिची तोफ फुटली ना, तवा माह्यी कळी सुटली. खोटं काऊन बोलू?" मग त्यांनी पदर खोचला. "पण गोष्ट नोको बंद करू. दुपारी कळी फोडाचं काम, थे डोयाचं हाये. तवा कोणी बोलनार नाही. सकाळी पराग लावाले डोये नाही लागत एवढे. गोष्ट सकाळी. आन् बिनधाग्याचं एकूक फळ आम्ही शोधून काढतो, तुम्ही काळजी नोका करू."

भाऊजींनी कोपऱ्यातलं टोपलं आणून सरीत ठेवलं. मग म्हणाले, "आधी फळं काढा."

त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी ओणव्या होऊन सरीमागून सरी पाहत गेलो. एकेक पान उलटलं. संध्याकाळी टोपल्याच्या तळाशी हिरवी फळं पडली होती, भाऊजींनी ती स्वतः नेऊन उकिरड्यावर टाकली. दुसऱ्या दिवसापासून नियम सुरू झाला. सकाळी कादंबरी, दुपारी शांतता.

या नियमानं कादंबरीचं काय केलं ते मला सांगितलंच पाहिजे. पराग लावून संपला की गोष्ट तोडावी लागायची, कितीही रंगात आलेली असो. मग दुपारभर नुसता चिमट्यांचा आवाज. पण त्या शांततेत प्रत्येकीच्या डोक्यात काहीतरी चालू असायचं. दुसऱ्या दिवशी बाया आपापले तर्क घेऊन यायच्या. प्रकरण संपलं की पुस्तक मिटून ठेवावं, ही सवय मला तेव्हा लागली. मुलींनाही मी हेच सांगते. एका बैठकीत संपवली, असं अभिमानानं सांगू नका. थोडं वाचा आणि दुसरं काम करा. पात्रं तुमच्या मागे मागे येतात.

आणि या नियमातच मी सगळ्यात जाड कादंबरी काढली, मोजणीवाली. ऐतिहासिक म्हणावी तर तिच्यात एकही तलवार नाही. इंग्रजांच्या अमलात वऱ्हाडातली जमीन मोजली जातेय, तेव्हाची गोष्ट. नथू नावाचा माणूस मोजणीची साखळी ओढायचं काम करतो. त्याचा थोरला भाऊ दौलत त्याला गळ घालतो, की शेजारच्या विधवेच्या धुऱ्यावरचा हद्दीचा दगड तिच्या शेतात आत सरकव. नथू सरकवतो. पुढे कितीतरी वर्षं जातात, पिकं येतात, लग्नं होतात, आणि तो दगड तिथेच असतो. शेवटी चौकशी लागते. साक्षीला नथूला बोलावतात, आणि समोर दौलत बसलेला असतो.

नेट दोन तटांत फुटलं. तो खरं बोलेल की खोटं? मथुराबाई खऱ्याच्या बाजूनं. बाकीच्या म्हणत, भाऊ तो भाऊ. कविता कुठल्याच बाजूला नव्हती. "भाऊ समोर बसला अस्ते तं तोंड उघडनं सोपं नस्ते," ती म्हणाली. "माह्या भावानं कागद समोर ठेवला, मीनं बी सही करून देली ना माह्या हिश्शाच्या वावराची." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पराग लावलेलं बोट तिनं क्षणभर तसंच धरून ठेवलं होतं.

आणि नेमका तेव्हाच मला चिखलीच्या एका कॉलेजातून निरोप आला. तासिकेवर शिकवायचं, लगेच हजर व्हायचं. ताईचं प्लास्टर निघालं होतं, ती हळूहळू सरीत बसायला लागली होती, म्हणजे मला थांबायला कारणही उरलं नव्हतं. निघायच्या सकाळी मी म्हणाले, "शेवट सांगून टाकते. मी वाचलाय."

"नोको," मथुराबाई म्हणाल्या. "शेवट सांगून काय करतं? त्याच्या आंधीचं कोण सांगन?"

मी पुस्तक कवितापुढे धरलं. ती मागे सरली. "मले नाही जमनार ताई. दहावीनंतर मीनं एवढं मोठं पुस्तक हातात बी नाही धरलं."

"जमेल. चुकलीस तरी मोठ्यानं वाच."

तिनं ओढणीला हात पुसले आणि पुस्तक घेतलं.

पहिल्या आठवड्यात तिचा एकदा फोन आला. नेटच्या मागे बांधावर चढल्यावर जिथे रेंज मिळायची, तिथून. "जिभीले लागून नाही राह्यले ते शब्द," ती म्हणाली. "एक पान वाचाले अर्धी सकाळ जाते. बाया काही म्हनत नाही, पण मलेच लाज वाटते." मी म्हटलं, लेखकाचे शब्द जड वाटले तर तुझे घाल. गोष्ट तुटू देऊ नकोस. त्यानंतर फोन नाही. मला वाटलं, राहिलं असेल.

बियाणं पुढे पास झालं, भाऊजींनी पेढे घेऊन ताईला माझ्याकडे पाठवलं. कविता आता दर हंगामाला दोन-तीन कादंबऱ्या मागवते आणि नेटमध्ये वाचते. गेल्या महिन्यातच तिनं मला एक सुचवली, नवी, शहरात एकट्या राहणाऱ्या एका नर्सची. "पहिले पन्नास पानं दम धर ताई, मंग तू सोडत नाही," असा निरोपही दिला. मी दम धरला. तिचं खरं होतं. पण हे सगळं नंतरचं. दरवर्षी दसऱ्याला मला आठवतो तो दुसरा फोन.

मी चिखलीच्या स्टँडवर उभी होते. सकाळचे तास संपले होते, बुलढाण्याची गाडी फलाटाला लागत होती. फोन वाजला.

"मनीषाताई, बोलू नोको. नुसतं आयक."

मागून वाऱ्याचा आवाज येत होता. म्हणजे सगळ्याच बांधावर आल्या होत्या, बांगड्या ऐकू येत होत्या. कविता वाचायला लागली. आवाज आधी थरथरला, मग सावरला. साक्षीचं प्रकरण. मी ते दोनदा वाचलं होतं. पण तिच्या तोंडून ते वऱ्हाडीत येत होतं, थेट, जसजसं वाचत होती तसतसं बदलत. साहेब इचारते, दगड कोनं सरकवला. नथू दौलतकडं पाह्यते. दौलत जमिनीकडं पाह्यते. साहेब पुन्हा इचारते. नथू बोलत नाही. थो उठते, पायतान न घालता बाहीर निंघते, आन् सारे त्याच्या मांगं. वावरात येते. धुऱ्याच्या दगडापाशी थांबत नाही. अजून पुढं, दौलतच्या बाजूले, जाते, जाते, आन् एका जागी मातीत मांडी घालून बसते.

गाडीचा दरवाजा आपटला. कंडक्टरनं घंटी मारली. मी जागची हलले नाही.

"'इथं होता,' थो म्हनला," कवितानं वाचलं, आणि थांबली.

कुणीतरी नाक ओढलं. मग मथुराबाईंचा आवाज आला, एरवीपेक्षा अगदी हळू. "एकडाव अजून वाच वं. थो जाऊन बसते तेवढं."

तिनं परत वाचलं. मग घाईनं म्हणाली, "ठेवते ताई, परागाचं काम अर्धं पडलं हाये," आणि फोन बंद झाला.

गाडी केव्हाच निघून गेली होती. मी फलाटावरच्या बाकावर बसले. आत्ता, या क्षणी, ती कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घ्यावी असं मला कधी कशाचं वाटलं नसेल इतकं वाटत होतं, आणि माझं पुस्तक तिकडे नेटमध्ये होतं.